मुइस्का लोकांत गादी भाच्याला

मामा,

देवळ्याला कांद्याचा ट्रक भरतोय, तोवर लिहितो. इथला चहा म्हणजे नुसतं गोड पाणी. जाऊ दे, ते नव्हतं सांगायचं.

तुम्हाला ते मुइस्का आठवतात का? एकलहऱ्याच्या वीजकेंद्राबाहेर तुमची खानावळ. भजी बांधायला आणलेल्या रद्दीत एक जुनं मासिक निघालं, आणि गल्ल्यावर बसून तुम्ही ते मोठ्यानं वाचायला लागलात. तिकडे कोलंबियाच्या डोंगरात हे लोक. खाऱ्या झऱ्याचं पाणी आटवून मिठाच्या ढेपा करायचे, सुती कापड विणायचे, सोन्याच्या बारक्या मूर्ती ओतायचे. आणि राजाची गादी मुलाला नाही, बहिणीच्या मुलाला! त्या भाच्याला आधी कित्येक वर्षं अंधाऱ्या घरात ठेवायचे. ऊन नाही, मीठ नाही, मिरची नाही. मग नाक-कान टोचून सोनं घालायचे. तुम्ही माझा कान पकडलात, "तुझे तर माझ्याच मांडीवर टोचलेत. म्हंजे ही खानावळ तुझीच की रे!" जेवणारे कामगार हसले. मी नाही हसलो. दुसऱ्या दिवसापासून आळणी जेवायला लागलो. मामी करवादली, "अहो, ह्याला काय झालंय? आमटीत मीठ घालू देत नाय!" तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ दे. राजा व्हायचंय त्याला."

शाळा तिथंच सुटली. भट्टी, कणीक, पाणी, सगळं मी बघायचो. मधूनच सायखेड्याला नदीवर पळायचो, खरंय. पण परत यायचोच ना.

मग मामेभाऊ पुण्याची नोकरी सोडून आला. सगळ्यांदेखत तुम्ही किल्ल्या त्याच्या हातात ठेवल्यात. मी म्हणालो, "मामा, आणि मुइस्का?" "येडा का तू? ती गोष्ट होती. पोरगा तो पोरगा. तुझं काय, आज हितं, उद्या कुठं."

मासिकात पुढंही होतं, ते मी एकट्यानं वाचलं. सोन्यापायी स्पॅनिश आले. राजा मेला, त्याच्या मागून जो गादीवर बसला त्याला, सोनं दाखव, सोनं दाखव, म्हणून हाल हाल करून मारलं. आणि राहिलेल्यांना शिकवायला लागले, वारस म्हणजे मुलगाच. मामा, तुम्हाला शिकवायला तर कुणी जहाजातून आलं नव्हतं. तुम्ही घरच्या घरीच स्पॅनिश झालात.

आता हे टाकू कुठं? तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली. खिशातच राहील. पण एक सांगतो. रस्त्यात कुणी विचारलं, तू कुठला रे, की अजून तोंडातून तेच जातं: एकलहऱ्याला आमची खानावळ आहे.