कॉम्प्युटरला दिलेली धुरी

आदरणीय देवीदासभाऊंस,

वरूडहून तुमच्या भाटव्याचा, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याचा, केशवरावचा, रागासकट नमस्कार. आधी तब्येतीचं विचारतो. तुमची शुगर आता कशी आहे? वहिनींचे गुडघे जिना चढू देतात का? अकोल्याचं ऊन यंदा फारच तापलं म्हणतात, कूलरच्या ताट्या बदलल्या की मागच्या वर्षीच्याच ओल्या करून राहिले? ही चौकशी मी मनापासून करतो आहे. राग तुमच्या तब्येतीवर नाही, तुमच्यावर आहे. भांडायला समोरचा माणूस धडधाकट असलेला बरा.

मोबाईल असताना हा कागदावर काय लिहीत बसला, असं तुम्हाला वाटेल. त्याचं कारण असं की तुम्हाला मोबाईलवर काहीही पाठवलं की तुम्ही ते वाचायच्या आधी पुढं ढकलता. कागद ढकलता येत नाही. (फोटो काढता येतो, मला माहीत आहे. काढू नका.) भाषाही जरा शुद्धच ठेवतो, कारण या विषयावर मी वऱ्हाडीत लिहायला लागलो तर कागद जागेवर पेटेल.

तुमच्या नातीच्या, प्राजक्ताच्या साखरपुड्यात बाळापूरला जे झालं ते तुम्ही पाहिलं, असा तुमचा समज आहे. तुम्ही पाहिलं नाही. तुम्ही मोबाईल डोक्यावर धरून शूटिंग करत होता आणि तुमचं पोट हलत असल्यामुळं ते शूटिंगही हलतं आहे. म्हणून मुळापासून सांगतो.

आमच्या रोहितनं पुण्याहून कॉम्प्युटर पाठवला, तो व्हिडिओ कॉलवर आई-बापाची तोंडं मोठी दिसावीत म्हणून. तोंडं दाखवून झाली की उरलेला दिवस कॉम्प्युटर मोकळा. मग मी त्यावर आमच्या मित्रांचा ‘संत्रा कट्टा’ हा ग्रुप उघडतो. कट्ट्यावर मी, कृषी केंद्रवाला खुशालराव, रिटायर मास्तर पंजाबराव आणि मोर्शीपर्यंतचे पाचपन्नास बागायतदार. सकाळी फुलं, दुपारी भाव, संध्याकाळी विनोद, आणि मधल्या वेळात कोणाच्या कॉम्प्युटरला काय झालं त्यावर ज्याला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही त्याचा सल्ला. एका सकाळी खुशालरावनं काहीतरी पाठवलं, त्याखाली लिहिलं होतं, ‘इथं दाबा, हसून हसून पोट दुखेल.’ मी दाबलं. पडदा लालभडक झाला, सायरन वाजायला लागला आणि एक बाई इंग्रजीत मला रागावू लागली. मला त्यातला ‘व्हायरस’ तेवढा कळला. शेजारचे लोक अॅम्ब्युलन्स आली म्हणून चपला घालून बाहेर आले. तुमची बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली, “वायर उपटा न, कायले पाहत बसले?” मी म्हटलं, वायर अशी उपटता येत नाही, आतली माहिती वाहून जाते. (तसं कट्ट्यावरच आलं होतं.)

मी मोबाईलवरून खुशालरावला विचारलं की कॉम्प्युटरमध्ये कीड शिरली, काय करू? त्याचं उत्तर आलं, ‘कडुनिंबाच्या पाल्याची धुरी दे. मावा, तुडतुडा सगळा जाईन.’ आता हा माणूस चाळीस वर्षं आमच्या बागांना औषधं सांगतो. आजवर त्याचं औषध लागू पडलं नाही असं एकदाच झालं, तेही पाऊस आला म्हणून. मी काय समजायचं? आज तो म्हणतो की तो मजाक होता. मजाक होता तर खाली हसरं तोंड टाकायला पाहिजे होतं! एरवी कोणी वारलं तरी चुकून हसरं तोंड टाकतो, आणि जिथं गरज आहे तिथं टाकत नाही. अशा माणसाला मोबाईल वापरायचा परवाना देऊ नये, असं माझं मत आहे.

धुरी दिली गेली. (कोणी दिली ते येतंच आहे.) धूर मागच्या जाळीतून आत गेला, पुढून बाहेर आला, सायरन मात्र सुरूच. एक निखारा उडून बटणांवर पडला आणि ‘म’ आणि ‘न’ वितळून एक झाले. शेवटी तुमच्या बहिणीनं येऊन वायर उपटली. सायरन बंद. कॉम्प्युटरही बंद, तो अजून बंदच आहे. अमरावतीला दुरुस्तीवाल्याकडं नेला तर त्यानं उघडून वास घेतला आणि म्हणाला, “काका, याले होमात बसवलं होतं काय?” व्हायरस वगैरे काही नव्हता म्हणे, ती नुसती जाहिरात होती. म्हणजे आजार खोटा आणि उपचारानं रोगी गेला.

एवढं नुकसान झाल्यावर माणसानं त्यातून निदान एक विनोद तरी काढावा की नाही? मी काढला. मोबाईलवर बारीक अक्षरांत, डोळे फोडून, चांगला ऐसपैस लिहिला आणि कट्ट्यावर टाकला. त्यात ‘आमच्या घरच्यांनी’ कॉम्प्युटरला धुरी दिली असं लिहिलं. यावर तुमची बहीण, तुम्ही, वहिनी आणि सध्या अर्धा अकोला जिल्हा आक्षेप घेतो आहे. पण भाऊ, विनोदाचे काही नियम असतात. बायको चुकली तर विनोद होतो, नवरा चुकला तर बातमी होते. हे नियम मी केले नाहीत. मी फक्त पाळले. आणि विनोद चालला! पंजाबराव मास्तर, जे कधी अंगठ्याच्या वर जात नाहीत, त्यांनीही दोन हसरी तोंडं पाठवली.

मग तो विनोद गावोगाव गेला. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. पण आठवड्यात रोहितनं तोच विनोद मला पुण्याहून पाठवला, ‘बाबा, हा वाचा, मस्त आहे.’ वाचतो तर त्यात कोणी काकू आहेत, त्या फ्लॅटमध्ये राहतात आणि धुरीच्या जागी उदबत्ती लावतात! उदबत्ती! उदबत्तीनं मच्छर तरी मरतो का? वर ‘मले’चं ‘मला’ केलेलं, आणि माझं नाव कापून टाकलेलं. पुढच्या दोन दिवसांत नागपूरच्या साळीकडून आला, त्यात ते जोडपं इंदूरचं. मी कट्ट्यावर लिहिलं की मूळ लेखक मी आहे. पंजाबराव मास्तरांनी एका शब्दात विचारलं, ‘पुरावा?’ स्वतः हसले होते त्याचा पुरावा ते माझ्याजवळ मागतात! या जगात संत्र्याची पेटी चोरली तर ठाण्यात जाता येतं, विनोद चोरला तर कुठं जावं?

अशा मनःस्थितीत मी बाळापूरला आलो होतो, हे लक्षात घ्या. नवरदेवाकडच्यांना उशीर होता, म्हणून ती माईकवाली पोरगी, आचल, लोकांना हसवत होती. तिनं सुरू केलं, “वरूड की एक काकू थी, त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरला व्हायरस…” निदान वरूड तरी परत आलं, म्हणून मी बसून राहिलो. कडुनिंबही होता. लोक हसत होते. तुमची बहीण तर पदर तोंडाला लावून हसत होती आणि वहिनींना विचारत होती, “कोन हाये वो ते बाई? आमच्या ह्याईच्यावानीच येडी!” (तिला कट्टा वाचून दाखवायला मला वेळ मिळाला नव्हता.) इथवर मी सहन केलं. पण शेवटी आचल म्हणाली, “सोशल मीडियावरून साभार!” आणि माझ्या डोक्यात काहीतरी तडकलं. माझा कॉम्प्युटर जळाला, माझा ‘म’ गेला, ‘न’ गेला, आणि साभार कोणाला, तर सोशल मीडियाला?

मी उठलो, स्टेजवर गेलो, माईक घेतला आणि म्हणालो, “साभार नाई, हे माहं हाये! म्या लिवलं! पात्रं खरी हायेत. ते बाई तिसऱ्या रांगेत बसल्या, हिरव्या शालूत!”

सगळा मांडव तिसऱ्या रांगेकडं वळला. हे बोलल्यावर मला जाणवलं की वाक्याचा शेवटचा भाग टाळता आला असता. पण तोवर ती उठली होती. सावकाश चालत आली. माझ्या हातातून माईक घेतला, जसा मी लहान पोराच्या हातून विळा घेतो तसा. आणि म्हणाली, “नमस्कार मंडळी. ते बाई मी. कडुनिंबाच्या झाडावर चढले हे. पाला तोडला ह्याईनं, फुकर मारली ह्याईनं, डोये लाल झाले ते ह्याईचे. म्या फक्त वायर काढली.” माईक आचलला दिला आणि जागेवर जाऊन बसली.

लोक किती हसले ते तुमच्या शूटिंगमध्ये ऐकू येतंच, त्यात सर्वांत मोठं हसणं तुमचं आहे. नवरदेवाकडची मंडळी नेमकी तेव्हाच आत आली, आणि नवरदेवाचा आजा काही न कळता हसायला लागला. मला एवढंच सांगायचं आहे की तुम्ही माझे साळे असलात तरी पुरुष आहात. अशा वेळी मोबाईल खाली करायला पाहिजे होता. तुम्ही तो खाली तर केला नाहीच, जेवणाच्या पंगती उठायच्या आत व्हिडिओ सगळीकडं पाठवूनही दिला.

परत निघताना मी गाडी सुरू करून, ए.सी. लावून, तिची वाट पाहत बसलो. ती माझ्या गाडीसमोरून गेली आणि तुमच्या गाडीत बसली. पिशवीसकट. मी हॉर्न वाजवला तर तुम्ही मला हात हलवून टाटा केला. टाटा, भाऊ?

तेव्हापासून ती अकोल्यात आहे आणि व्हिडिओ जगभर. वरूडच्या बाजारात माझं निघणं बंद झालं. मंडीत भाव पाडल्याबद्दल दलालाला विचारलं तर तो हात जोडून म्हणतो, “म्या फक्त वायर काढली.” एकानं ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागं रंगवून घेतलं आहे. आणि अन्याय पाहा, माझ्या विनोदाखाली कोणी माझं नाव ठेवलं नाही, हिच्या व्हिडिओखाली सगळीकडं ठळक अक्षरांत ‘माणिकबाई, वरूड’. तसं पाहिलं तर तिच्या सांगण्यात आहे काय? सुरुवात नाही, वर्णन नाही, सायरन नाही, खुशालराव नाही. चार वाक्यांत आटोपलं! माझ्यात शेजारचे लोक चपला घालून येतात तो भाग किती रंगला होता. पण लोकांना आता धीर राहिला नाही. अमरावतीच्या एका महिला मंडळानं तिला बोलवायला फोन केला, तो माझ्या मोबाईलवर. मी म्हटलं, मी तिचा मिस्टर. तर पलीकडच्या बाई म्हणाल्या, “अय्या, धुरीवाले का?”

तरी तिला निरोप द्यावा, की तिनं कट्ट्यावर येऊन दोन ओळींत माझी माफी मागावी, म्हणजे मी झालं गेलं विसरायला तयार आहे. माझी काळजी नसावी. भाकरी येते, वरण येतं, शेजारून चटणी येते. चहाही मी उत्तम करतो, फक्त हाताला अंदाज नाही, रोज दोन कप होतो.

वडीलधाऱ्यांना नमस्कार, प्राजक्ताला आशीर्वाद, तुम्हाला सध्या काही नाही.

आपला,
केशवराव

ता.क. माफी दोन ओळींची नसली तरी चालेल. एक ओळ पुरे. ओळही नको, नुसतं हसरं तोंड टाकलं तरी मी समजून घेईन.

ता.क. २. वरचं लिहून दोन दिवस झाले. माफीचं राहू द्या. काल मीच कट्ट्यावर लिहिलं, ‘धुरी मी दिली होती. माणिकनं दिली नव्हती. ती पहिल्यापासून वायर काढा म्हणत होती.’ भाऊ, हे लिहायला मला सकाळपासून दुपार झाली. पंजाबराव मास्तरांचं उत्तर आलं, ‘जुनं आहे. आधी येऊन गेलं.’ खुशालरावनं लिहिलं, ‘माणिकबाईचं ओरिजनल पाहा, दुसऱ्याचं चोरू नये.’ आणि यावेळी त्यानं खाली हसरं तोंड टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा खरं लिहिलं, तर ते चोरीचं ठरलं! हे तिला वाचून दाखवा. एवढंच वाचून दाखवा, वरचं सगळं सोडा, आणि तिच्या तोंडाकडं पाहा.

ता.क. ३. पत्र पोस्टानं आलं नाही, हे तुमच्या ध्यानात आलं असेल. जो माणूस घेऊन आला तो तुमच्या गल्लीच्या तोंडाशी रसवंती चालवतो. मी तिथंच बाकड्यावर बसलो आहे, माझा तिसरा ग्लास चालू आहे आणि तो आता माझ्याकडं संशयानं पाहतो. ती हसली असेल तर गच्चीवर येऊन टॉवेल हलवा, म्हणजे मी वर येतो. नसेल हसली, तरी टॉवेल हलवा. खाली उन्हात किती वेळ बसू?