चौघांतून दोघं

४ ऑगस्ट, रविवार
मायला दवाखान्यातून इचोड्याला माझ्या घरी आणलं. खुब्याचं हाड मोडलंय. कूस बदलायची तरी दोघं लागतात — एकानं खांदे धरायचे, एकानं कंबर. आम्ही भावंडं चार: नागेशभाऊ, सुरेंद्र, पूनम आणि मी. चौघांतून दोघं निवडायचे तर सहा जोड्या होतात. शाळेत हे गणित दरवर्षी शिकवते! रोज एक जोडी. पाळी ठरवून तिघांना फोनवर कळवली.

६ ऑगस्ट
नागेशभाऊचं उत्तर: सुरेंद्र असेल तिथं मी पाय ठेवणार नाही. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधाच्या वादावरून, दोघांचं बोलणं बंद आहे. एक जोडी गेली. पूनमचं उत्तर: दोन्ही भावांसोबत नको, वहिन्या टोमणे मारतात. आणखी दोन गेल्या. उरल्या तीन, अन् तिन्हींत मी.

मायच्या उशाशी बसून ही वजाबाकी केली. शिसारी आली.

९ ऑगस्ट
आज नागेशभाऊची पाळी. आला तेव्हा चादर ओली होती. नाकाला रुमाल लावून दारातच थांबला. "हे बायकाइचं काम हाय," म्हणाला. मग कंबर कोणी धरायची? शेजारच्या भागाबाईला हाक मारली. ती हातातलं लाटणं ठेवून आली. भाऊ अंगणात फोनवर कापसाच्या फवारणीचं बोलत राहिला. आत सगळं आवरल्यावर चहा मागितला.

१० ऑगस्ट
तो चहा मी करून दिला. काऊन दिला?

१३ ऑगस्ट
आज सुरेंद्रची पाळी, पण गाडी बिघडली म्हणे. पूनमला विचारलं, तर तिच्या पोराला ताप. खरं असेलही. परत भागाबाईच आली. फोनवरचं माझं भांडण माय ऐकत होती, हे माझ्या ध्यानातच नाही राहिलं.

दुपारी भात भरवताना म्हणाली, "मले बेज्जूरले पाठव, माह्या बहिनीकडं. ते अन् तिची सून, दोघी हायेत. एकमेकीशी बोलतेत."

मी नाही म्हटलं. "असं कसं पाठवू? लोक काय म्हणतील?"

"लोकं उचलाले येत नाहीत, बाई."

पुढचा घास घेतला नाही. कूस वळवता येत नाही, म्हणून नुसते डोळे मिटले.

१८ ऑगस्ट, रविवार
शेवटी मायचंच ऐकलं. तिला गाडीत ठेवायला चौघंही जमलो. बेज्जूरच्या रस्त्याला गाडी वळली अन् मला एकदम हलकं वाटलं. पूनम माझ्याकडंच बघत होती. तिनं ते ओळखलं.