दाजींच्या ब्रेकमधली हवा

३ फेब्रु., मंगळ.
दाजींच्या गाडीला एबीएसचं युनिट बसवलं. ब्रेकचा मेंदूच तो, जुना मेला होता. बॅटरी सोडवली, पायपा खोलल्या, परत आवळल्या. सुनंदाला पेडलवर बसवलं. 'दाब गं... धर... सोड.' चारही चाकांतून हवा काढली. सव्वीस वर्षांच्या संसारात बायकोने एवढं ऐकलेलं आजच. पेडल घट्ट लागतंय.

पण युनिटच्या पोटात हवा राहते. स्कॅनर लावून आतला पंप फिरवला तरच निघते. आपल्याकडे कुठला स्कॅनर? पनवेलचा मित्र गुरुवारी देतो म्हणाला. तोवर साधा ब्रेक लागेल. जोरात मारला की ती हवा सुटणार नि पेडल खाली बसणार. घाटात असं झालं तर...

दाजींना फोनवर एवढंच म्हणालो, 'थोडं किरकोळ राहिलंय.' हे काम जन्मात पहिल्यांदा करतोय, हे बहिणीच्या नवऱ्याला कसं सांगू? खालापुरातला नावाजलेला मिस्त्री ना मी!

४ फेब्रु., बुध.
रसायनीला टेंपो बंद पडलेला, तिकडे होतो. आलो तर शेडमध्ये गाडी नाय. सु. म्हणे, दाजी आले, चावी मागितली, दिली. 'त्यांना नाय म्हणू व्हय? हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवला, गेले.' ओरडलो तिच्यावर. तिची काय चूक? तिलाही कुठे सांगितलं होतं.

ताई, दाजी, दोन्ही पोरी लोणावळ्याला, दाजींच्या भावाकडे. सुखरूप चढले. पण उद्या उतरायचंय. फोन केला. दाजी: 'ब्रेक एक नंबर लागतायत रं! उगा काय घाबरतोस?' तरी खरं सांगितलं नाय. उद्या मी येतो, तोवर गाडी हलवू नका, म्हणालो. हसले.

५ फेब्रु., गुरु. शिळफाटा
स्कॅनर घेऊन घाटाखाली पोचलो. राहवेना. ताईला फोन लावला, एका दमात सगळं ओकलो. आत हवा हाय, मला लाज वाटली म्हणून बोललो नाय.

ताई म्हणाली, 'सुरेश, ते निघाले रं. अर्धा तास झाला. पोरी हायेत गाडीत. मी संध्याकाळच्या बसने येणार होते.' रडत नव्हती. 'परवा का नाय बोललास?'

दाजींचा फोन लागत नाय. जुन्या रस्त्याने उतरतायत की एक्स्प्रेसवेने, ताईला माहीत नाय. वर जावं तर चुकामूक व्हायची. म्हणून इथेच लिहीत बसलोय.

दाजींच्या गाडीसारख्या पांढऱ्या गाड्या तरी किती याव्यात! दिसली की नंबर वाचतो. नाय. परत दुसरी.

सव्वाअकरा. ताईचा फोन येतोय. वाजतोय. मी उचललेला नाय अजून.