मार्थाचं मधलं नाव

हायगिल फार्म, यॉर्कशर
१२ मार्च १९५६

लाडक्या हेस्टरताई,

तू खुशाल असशील. आम्हीही बरे आहोत. बर्फ वितळतोय, मेंढ्या व्यायला लागल्यात, बाळ पितं नि झोपतं. विल्फ्रेडनं माझी सायकल विकली. लेकुरवाळीला कशाला हवी, म्हणाला. खरंच आहे म्हणा.

काल चॅपलमध्ये बाळाचं नाव ठेवलं. पहिलं मार्था, म्हणजे सासूबाईंचंच. ते मला दिवस होते तेव्हाच ठरलं होतं, मला न विचारता. मधलं तेवढं विल्फ्रेडनं माझ्यावर सोडलं होतं. ताई, लोणी घुसळताना मी सारखी नावं म्हणून बघायचे. मार्था आयव्ही थॅक्रे. फारच चटकन संपतं. मार्था रोझलिंड थॅक्रे. हे छान वाहतं, ना?

शनिवारी जेवताना सासूबाई म्हणाल्या, "मधलं मॉड ठेवायचं. माझ्या आईचं."

"मार्था मॉड? चिखलात बूट रुतल्यासारखं वाटतं," मी हसत म्हटलं.

"या घरातली नावं हसण्यावारी न्यायची नसतात, एनिड."

मी विल्फ्रेडकडे पाहिलं. तो बटाट्यांवर रस्सा ओतत म्हणाला, "आई म्हणते तसं कर. मधल्या नावानं हाक मारतं कोण?"

काल पाद्रीबुवांनी बाळाला हातांवर घेऊन मला विचारलं, "नाव काय?" मी मॉडच म्हणणार होते, शपथ. तोंडातून निघालं, "मार्था हेस्टर." त्यांनी लगेच पाणी शिंपडलंसुद्धा.

चॅपलच्या दारात, सगळ्यांसमोर, सासूबाई म्हणाल्या, "नवऱ्याला सोडून गेलेल्या बाईचं नाव माझ्या नातीला? अख्खं गाव आम्हाला नावं ठेवील!"

विल्फ्रेडनं घरी येऊन दार लावलं. मग म्हणाला, "ठेवलंस ना नाव? आता तिच्याकडे जायचं नाव काढायचं नाही." आज सकाळी त्यानं फाटकाला कुलूप घातलं. मेंढ्या रस्त्यावर जातात, म्हणे. मेंढ्या तर वरच्या कुरणात आहेत.

ताई, आम्ही बरे आहोत असं वर लिहून गेले. सवयच झालीय. नाताळापासून मी या फाटकाबाहेर फक्त चॅपलसाठी गेले आहे. तुझी पत्रं सासूबाई आधी उघडतात, म्हणून माझी उत्तरं तशी कोरडी असायची.

हे पत्र अंडी न्यायला येणाऱ्या पिकर्सगिलबाईंच्या हाती देतेय. त्यांच्या गाडीसाठी कुलूप उघडावंच लागतं. म्हणाल्या, "पुढच्या बाकावर दोघी मावाल. बाळाला शाल मात्र जाड घे." मी त्यांना अजून हो म्हटलेलं नाही. तिकडे हल शहरात तुझी एकच खोली आहे, ठाऊक आहे मला.

आम्हाला घेशील तर एवढंच लिही, की नाव बाळाला शोभतं. सासूबाई वाचतील नि नाक मुरडतील, बस्स. जमणार नसेल तर काहीच लिहू नकोस. मी रागावणार नाही.

पण लिही गं.

थॅक्र्यांची म्हणवली जाणारी, पण तुझीच,
एनिड