बरोबर म्हणण्याआधी

४ फेब्रुवारी

लेकीने हुकूम सोडला. मी हरलो. म्हणजे अर्धा.

झालं ते एवढंच — डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ गुरुवारची, मी गेलो शुक्रवारी. दवाखाना बंद. पायरीवर ऊन मात्र छान होतं. बसलो. तिसरीच्या पुस्तकातल्या मेंढपाळाच्या कवितेचं एक कडवं आठवेना. ते सापडेपर्यंत उठायचं नाही असं ठरवलं. तिकडे लेक तिच्या गावाहून फोन करकरून अर्धमेली. शेवटी शेजाऱ्यांनी मला शोधून आणलं. डोळ्यांचे थेंब तर केव्हाच संपले होते.

"बाबा, बास झालं. माझ्याकडे या. नाहीतर मदतीला कुणीतरी ठेवा."

"घरात परकं माणूस नको."

"घरात येणारच नाही ती! व्हर्च्युअल असिस्टंट. स्वतःच्या घरी बसून फोनवरून सगळी कामं करते."

म्हणजे असून नसलेली! अशी माणसं आमच्या छापखान्यातही होती. पगाराच्या दिवशी तरी दिसायची.

तह झाला. एप्रिल संपेपर्यंत नीट निभावलं तर मी इथेच. घोटाळा झाला तर बोऱ्याबिस्तर गुंडाळून लेकीकडे.

७ फेब्रुवारी

मुलाखती. लेकीने विचारायचे प्रश्न सांगून ठेवले होते — अनुभव किती, कुठल्या वेळेत काम करणार, घरची माहिती कशी जपणार. मी एवढंच विचारलं, "शाळेतली एखादी कविता येते?"

पहिली म्हणाली, "कविता म्हणजे कंटेंट ना? करून देऊ."

दुसरीने गायलीच! आवाज गोड, पण मधली दोन कडवी सरळ गिळली. ज्याने जन्मभर पाठ्यपुस्तकांची प्रुफं तपासली त्याच्या कानाला हे कसं सोसावं?

तिसरीच्या मागे शिवणयंत्राची घरघर. "येत नाही, काका. आणि काम काय आहे ते तुम्ही अजून सांगितलंच नाही."

काय हा तोरा! लेकीला अर्थात तीच पसंत पडली.

१० फेब्रुवारी

पहिलं काम दिलं. बारीक अक्षर आता दिसत नाही, म्हणून निरोप बोलून पाठवला. सवयीने विरामचिन्हांसकट बोललो.

छापखान्यात आम्ही तसंच वाचायचो. एकाच्या हातात मूळ प्रत, दुसऱ्याच्या हातात प्रूफ. मूळ प्रतवाल्याने मोठ्यांदा वाचायचं — स्वल्पविराम, उद्गारचिन्ह, नवी ओळ, सगळं. दुसऱ्याने डोळ्यांनी ताडून "बरोबर" म्हणायचं, की पुढची ओळ. माझ्यासमोर मूळ प्रत हिच्या हातात असायची. लग्न नंतर ठरलं. आवाज आधीच ठरला होता.

तर निरोप. सकाळच्या धुक्यापासून सुरुवात केली. धुक्यातून खिडकीबाहेरच्या निलगिरीवर, निलगिरीवरून हिच्यावर — झाड हिनेच लावलेलं — आणि तिथून, म्हणजे बऱ्याच वेळाने, थेंबांच्या बाटलीवर आलो. चांगला साधला होता.

उत्तर आलं : "ऐकलं, काका. छान आहे. काम कुठलं?"

१२ फेब्रुवारी

आज तिने मला नियम घालून दिले. मला! एका निरोपात एकच काम. काम आधी, धुकं नंतर. कधीपर्यंत हवं ते सांगायचं. "मग मला काय समजलं ते मी वाचून दाखवीन. तुम्ही बरोबर म्हणालात की कामाला लागेन. त्याआधी नाही."

"बाई, तुम्ही मला चाकरीला ठेवलंय की मी तुम्हाला?"

"काका, धुकं ऐकायला मला आवडतं. पण थेंब संपलेत ना?"

फोन ठेवला. मग पुन्हा लावला. थेंब संपले होते हे खरंच.

१३ फेब्रुवारी

"थेंब, दोन बाटल्या, सोमवारच्या आत, दारात आणून द्यायच्या. बरोबर?"

"बरोबर."

हिला जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून मला कुणी काही वाचून दाखवलं नव्हतं.

२३ फेब्रुवारी

कालचंच काम आज पुन्हा सांगून पाहिलं. तिने पुन्हा वाचून दाखवलं, मग थांबली. "काका, हे काल झालंय."

"असं होय!" म्हणालो. तिच्या फोनआधी दाढी करतो हे मात्र कुणाला कळायला नको. दिसत नाही तरी!

५ मार्च

डॉक्टरांकडे ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी गेलो. दवाखाना उघडा. चमत्कारिकच वाटलं. उघड्या दवाखान्याच्या पायरीवर बसून कविता म्हणता येत नाही, लोक आत नेतात.

नळ दुरुस्त झाला. चष्मा आला. लेक खूश. मीही आता काम पहिल्या वाक्यात सांगतो, धुकं दुसऱ्यात. कधीकधी पहिल्या दीडात.

१८ मार्च

अनर्थ!

सकाळी दारात एक दांडगा माणूस. हातात करवत, खांद्यावर दोर. "झाड कुठलं?"

"कसलं झाड?"

"तोडायचंय ते. निलगिरीचं."

मी अनवाणीच बाहेर धावलो. खोडाला मिठी मारून उभा राहिलो — या वयात! तो माणूस शांतपणे म्हणाला, "आजोबा, हे आधी ठरवायचं असतं." तोवर त्याच्या जोडीदाराने मागच्या बाजूची एक फांदी उतरवली होती. वास सगळ्या घरात भरला.

मदतनिसाला फोन लावून ओरडलो. तिने कालचा माझाच आवाज मला ऐकवला. काय सुरेख बोललो होतो! 'ती गेल्यापासून या झाडाकडे बघवत नाही, पूर्णविराम. नको झालंय ते, पूर्णविराम. तोडून टाकावं असं वाटतं, उद्गारचिन्ह.' आणि त्यापुढे तिचा आवाज : "निलगिरीचं झाड तोडायचं, उद्या सकाळी, माणूस पाठवते. बरोबर?"

आणि मी, स्वच्छ : "बरोबर."

ऐकलंच नव्हतं मी. म्हणजे आवाज ऐकला होता. प्रूफ तपासलं नव्हतं.

१९ मार्च

गोडीत घेऊन पाहिलं. "बाई, हे लेकीला कळवायलाच हवं का? एक फांदी तर गेली."

"आठवड्याचा अहवाल ठरलाय, काका. लिहावं लागेल. तुमचंही आणि माझंही. एवढं मोठं झाड, मी थांबून विचारायला हवं होतं." शिवणयंत्र बंद होतं आज. "यापुढे जे परत आणता येत नाही, ते मी दोनदा वाचून दाखवीन."

चिडलो होतो. पण आमच्या छापखान्यात मुखपृष्ठाला हाच नियम होता.

२० मार्च

लेकीचा फोन. फक्त, "येतेय."

घर पाहून घेतोय. या खिडकीतून झाड, त्या खिडकीतून रस्ता. तिच्याकडे सहाव्या मजल्यावरून काय दिसत असेल? दुसऱ्यांचे सहावे मजले.

२४ मार्च

लेक आली. आल्याआल्या झडती — थेंब, नळ, चष्मा, शेगडी, दाराची कडी. मग मागे जाऊन फांदीचा खुंट बघून आली. काही बोलली नाही. तिच्या आईची हीच पद्धत होती; ओरडा परवडायचा.

२६ मार्च

नव्या थेंबांच्या खोक्यात घडी घातलेला कागद असतो, मुंगीएवढ्या अक्षरांचा. तिला म्हटलं, तूच वाच. खिडकीपाशी उभी राहून वाचू लागली :

"बाटली वापरण्याआधी हलवावी पूर्णविराम लहान मुलांपासून स्वल्पविराम उन्हापासून स्वल्पविराम आणि उष्णतेपासून दूर ठेवावी पूर्णविराम नवी ओळ —"

माझ्या हातातलं झाकण खाली पडलं.

"हे कुठे शिकलीस?"

"रात्री तुम्ही दोघं घरी प्रुफं वाचायचात, ते दाराआडून ऐकायचे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचेच आईबाप असं बोलतात." हसली. "शाळेत मार खाल्लाय मी त्यापायी, बाबा."

पुढे वाचत राहिली. दुष्परिणामांपर्यंत. इतका सुंदर दुष्परिणाम मी कधी ऐकला नव्हता.

२७ मार्च

निकाल लागला. "झाडाचं माफ. त्या बाई प्रामाणिक आहेत आणि तुम्हीही सुधारलात. राहा इथेच. मी पुन्हा विषय काढणार नाही."

जिंकलो! संध्याकाळच्या गाडीने ती गेली. कोपऱ्यापर्यंत सोडायला गेलो, हात हलवला, विजयी वीरासारखा.

४ एप्रिल

सगळं वेळेवर. थेंब वेळेवर, डॉक्टर वेळेवर. मदतनिसाला विचारलं, काही राहिलंय का? म्हणाली, "काही नाही, काका. आराम करा."

थेंबांचा तो कागद मीच मोठ्यांदा म्हणून पाहिला. आता पाठ आहे. माझ्या आवाजात काही राम नाही.

७ एप्रिल

मदतनिसाला सहज विचारलं, पत्ता बदलला तर तुमचं काम बदलतं का?

"कुठेही असलात तरी मी तीच, काका. का?"

"काही नाही, पूर्णविराम."

९ एप्रिल

निरोप पाठवला. एक काम, पहिल्याच वाक्यात. धुकं नाही.

तिने वाचून दाखवलं : "लेकीच्या गावाचं तिकीट, एक, येत्या रविवारचं. परतीचं नको. बरोबर?" मी काही म्हणायच्या आत तिने ते सगळं पुन्हा वाचलं, सावकाश.

दोन्ही वेळा नीट ऐकलं. बरोबर म्हणालो.