तिसऱ्या खणातला दांडा

१० जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आधी गुडघे कसे आहेत ते कळव, मग हवं तेवढं रागव. तुमच्या नदीवरचा रेल्वेपूल आम्ही उचलून आणला म्हणून तू माझ्याशी अबोला धरलायस, हे आईकडून समजलं. अगं, गाड्या बंद झाल्यापासून तो नुसता गंजत उभा होता. इथे कालव्यावर बसवला की लोक चालत दवाखान्यात जातील. आता ट्रकांच्या रस्त्याने केवढा वळसा पडतो.

सगळा सांगाडा सुटा करून शेडमध्ये मांडलाय. गंज खरवडताना एक कोडं निघालं. तिसऱ्या खणातला एक तिरपा दांडा बाकीच्यांच्या जातीचा नाहीच! लोखंड वेगळं, रिव्हेटांऐवजी बोल्ट. म्हणजे मागाहून बदललेला, पण जुन्या नकाशांत अवाक्षर नाही. मूळ दांडा ओझ्याने तुटला असेल, तर शेजारच्यांनीही तेव्हा मार खाल्ला असणार. मग त्यावर माणसं सोडायची माझी छाती नाही. साहेब तर आताच पूल भंगारात काढायला निघालेत. महिनाअखेरीला बैठक आहे. तू जन्मभर त्या पुलाच्या शेजारी राहिलीस, काही आठवतंय का?

अबोल्यातूनही लोभ पाठवत जा.
तुझी भाची,
खारू

१६ जानेवारी

चि. खारूस,
अ. उ. आ.

गुडघे जागेवर आहेत, पूल तेवढा नाही. राग गेला असं समजू नकोस; तुझं कोडं वाचून चैन पडेना, म्हणून लिहितेय.

मला काही म्हणता काही आठवलं नाही. मग जुन्या स्टेशनमास्तरांकडे गेले. कान पार गेलेत त्यांचे. मी ओरडून 'दांडा' म्हटलं, त्यांनी 'हंडा' ऐकलं आणि सूनबाईंना माळ्यावर चढवलं! शेवटी समजलं तेव्हा म्हणाले, की त्यांच्या आधीच्या मास्तरांच्या वेळी मालगाडीच्या डब्याचं दार धावत्या गाडीत उघडून पुलावर आपटलं होतं. पण ऐकीव गोष्टीवर तुझे साहेब थोडेच हलणार?

परतताना गुडघ्यांनी संप केला, म्हणून पंक्चरवाल्याच्या दुकानात टेकले. सहज वर पाहिलं. छपराखाली आडवी लोखंडी तुळई, टोकांना भोकांच्या रांगा, मध्ये कोपरासारखी वाकलेली. मी स्टुलावर चढले. हो, चढले! पंक्चरवाला स्टूल धरून देवाचा धावा करत होता. तो म्हणतो, वडिलांनी पुलाखालून ओढून आणलेली आहे. टेप घेऊन ताबडतोब ये.

आईला स्टुलाचं सांगू नकोस, मग माझा लोभ आहेच.
आत्या

५ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तिकडून घेतलेली मापं शेडमध्ये ताडून पाहिली, भोकं तंतोतंत जुळली! शिवाय ती गोल आहेत. ओझ्याने ओढली गेली असती, तर लांबट झाली असती. आणि त्या वाकाच्या आतल्या अंगाला खरवडल्याची खूण आहे. म्हणजे मार बाजूनेच, त्या दाराचा बसला; शेजारचे दांडे शाबूत. बैठकीत मी फोटो मांडले. साहेबांनी बराच वेळ चष्मा पुसला, मग शेडमध्येच सांगाडा जोडून, वाळूच्या गोण्या लादून चाचणी घ्यायला होकार दिला. कालच चाचणी झाली. पूल हूं की चूं न करता उभा राहिला, आणि मी मात्र गोण्यांमागे जाऊन रडले.

मूळ दांडा सरळ करून परत बसवायची माझी फार इच्छा होती. पंक्चरवाला तयारही होता, अडून बसलीस तू. ज्याने छप्पर पेललंय त्याला पुन्हा कशाला जुंपतेस, आणि बोल्टवाल्याने इतक्या गाड्या झेलल्या त्याला कोणत्या तोंडाने काढतेस, असं तू त्या दिवशी दुकानात सगळ्यांदेखत विचारलंस. मी घुश्शातच निघाले. आता पटतंय. बोल्टवाला राहील, पण त्याला रंग मी माझ्या हाताने देणार.

पूल बसला की गाडी पाठवते. येऊन कान धरावास, इतका लोभ असू दे.
खारू

२ मे

चि. खारूस,
अ. उ. आ.

सुखरूप पोचले. उद्घाटनाला साहेबांचं भाषण आवरेना, तेव्हा ड्युटीला उशीर होतोय म्हणत दवाखान्यातली ती नर्स खुशाल फितीखालून वाकून गेली आणि तिच्यामागे सगळी गर्दी, यावर मी अजून हसतेय. साहेब कात्री हातात घेऊन उभेच! तू मात्र ना त्यांच्याकडे पाहत होतीस ना माझ्याकडे. लोकांच्या पावलांकडे तुझे डोळे लागले होते.

आता इथली गंमत. लोखंडाची ती जाळी गेल्यामुळे माझ्या ओट्यावरून पलीकडचा काठ स्वच्छ दिसतो. तिथे एक घर आहे, आणि माझ्याच वयाची एक बाई रोज खुर्ची टाकून बसते. परवा तिने टॉवेल हलवला. मीही हलवला. काल तिने दोन पेले उचलून दाखवले. चहाला बोलावतेय, दुसरं काय! ओरडून नाव विचारलं, तर शब्द वाऱ्यावर गेले. होडीवाला कधीच गाव सोडून गेला.

तुझ्या पाहण्यात कुठे एखादा मोडका पूल पडून असेल, तर तेवढा बघ. बाई रोज दोन पेले मांडून बसते गं.

तुझ्यावर लोभ आहे, तो आता जरा कामाला लाव.
आत्या