चेंबरमधली चिंधी

मी, सुपडू नथ्थू मिस्तरी, वय ७३ वर्षे, पूर्वीचा धंदा ट्रक ड्रायव्हर व इंजिन मिस्तरी, राहणार कोरीट, तालुका व जिल्हा नंदुरबार, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डाव्या डोळ्याने कमी दिसते, पण लिहिण्यापुरते उजव्याने भागते. मला कोणी धाक दाखवलेला नाही की लाडीगोडी लावलेली नाही. तसे करायला घरात माणूसच उरलेले नाही. याआधी मी असा कागद केलेला नाही.

१. माझी पत्नी तापीबाई तीन वर्षांपूर्वी वारली. मुलगा जगदीश, राहणार सुरत, आणि मुलगी प्रतिभा, राहणार नंदुरबार, हे दोघेच माझे वारस आहेत.

२. कोरीट येथील पत्र्याचे घर व पुढचे अंगण माझ्या कमाईचे असून ते प्रतिभाला द्यावे. जगदीशला राग येईल. त्याच्या सुरतेच्या घरासाठी मी शेत विकले, ते त्याने आठवावे. आईच्या आजारपणात तो दोनदा आला आणि दोन्ही वेळा गाडी तोंड फिरवून लावली, म्हणजे निघताना वळवायला नको. मी खिडकीतून पाहत होतो.

३. बँकेतली शिल्लक माझ्या क्रियाकर्मानंतर दोघांनी निम्मी निम्मी घ्यावी. बुंदी करू नये. मला ती कधीच आवडली नाही, पण लोकांच्या तेराव्याला खावी लागली.

४. पान्यांची पेटी, टॉर्क पाना, जॅक आणि इंजिन टांगायची लोखंडी तिपाई प्रतिभाला द्यावी. लहानपणी ती माझ्याजवळ बसून पाने पुसून द्यायची, तिला त्यांची किंमत आहे. जड वजन उचलायची माझी चेनकप्पी शेजारी फत्तेसिंग याने विहिरीच्या कामाला नेली ती आणून दिली नाही. मागच्या वर्षी मला माझीच कप्पी त्याच्याकडून उसनी मागावी लागली आणि काम होताच तो ती पुन्हा घेऊन गेला. ती परत आणावी. मी मेलो म्हणून सोडून देऊ नये.

५. अंगणातला १९८८ सालचा सहाचाकी ट्रक. हे कलम लांबणार आहे, कारण बाकीची कलमे यासाठीच लिहिली.

सन २००१ मध्ये या ट्रकचे इंजिन मी याच अंगणात पूर्ण खोलून नवे केले. तेव्हा गाडीवर माझा ड्रायव्हर रेवजी वसावे, राहणार खांडबारा, हा होता. आमच्या घरची रीत अशी, की इंजिन चेसीत बसवण्याआधी ते तिपाईवर टांगलेले असतानाच घरची बाई त्याला हळदकुंकू लावते, अक्षता टाकते आणि मग नारळ फुटतो. तांदळाचे दाणे आत पडू नयेत म्हणून मी तापीबाईच्या जुन्या हिरव्या लुगड्याची चिंधी फाडून ऑईल भरायच्या तोंडात कोंबली. नारळ फुटला, माणसे गोळा झाली, सगळे उतरवा उतरवा करू लागले. त्या गडबडीत चिंधी आत घसरली आणि ते ध्यानात न येता मी वरून टोपण लावले.

नवव्या दिवशी मिरचीची पोती घेऊन जाताना इंजिन खांडबाऱ्यात जाम झाले. मी पोचलो तेव्हा बाजाराचा दिवस होता आणि रेवजी ट्रकजवळ उभा होता. तो म्हणाला, "भाऊ, पट्टी देखी ले. ऑईल भरेल शे." ऑईलची पट्टी बाहेर ओढून पाहायला किती वेळ लागतो? मी पाहिली नाही. ट्रक अड्ड्यावर सगळ्यांदेखत त्याच्या थोबाडीत मारली आणि ओरडलो, की ह्याने दारूसाठी ऑईल विकले आणि कोरडी गाडी चालवली. नवापूरपासून धुळ्यापर्यंत ज्या ज्या मालकाला मी ओळखत होतो त्याला त्याला हेच सांगितले. रेवजीला पुन्हा कोणी स्टेअरिंग दिले नाही.

ट्रक ओढून अंगणात आणला. चौथ्या दिवशी तापीबाईने विचारले, "ती चिंधी तुम्ही काढेल व्हती ना?" मी "हाव" म्हटले. त्या दिवसापासून मी ते इंजिन उघडले नाही. लोक विचारत, एवढा मिस्तरी आणि स्वतःचे इंजिन का खोलत नाही? मी म्हणे, वेळ नाही. मला वेळ होता. मला भीती वाटत होती.

रेवजी आणि त्याची बायको रूपलीबाई गुजरातेत ऊसतोडीला जाऊ लागले. सतरा हंगाम गेले. एका हंगामात तिथल्या झोपडीत रूपलीबाईला ताप चढला. चिंचपाड्याच्या दवाखान्यात आणेपर्यंत उशीर झाला होता. मला हे कळले तेव्हा मी चहा पीत होतो, आणि मी तो पिऊन संपवला.

तापीबाई गेल्यावर घर खायला उठले, म्हणून गेल्या वर्षी इंजिन उतरवले. खालचे ऑईलचे चेंबर सोडले तर आत डांबरासारखे काळे झालेले ऑईल होते, पुरेपूर. आणि ते ऑईल वर ओढणाऱ्या पंपाच्या जाळीला ती चिंधी घट्ट चिकटलेली होती. धुतल्यावर हिरवा रंग निघाला. मी तिथेच जमिनीवर बसून रडलो. माझ्या वयाच्या माणसाने किती रडावे याला काही माप नसते.

त्यानंतर चौदा महिने लागले. क्रँक नंदुरबारला घासून आणला, लायनर, पिस्टन, बेरिंग नवे टाकले, एकेक बोल्ट दोनदा तपासला. हळदकुंकू लावायला कोणी नव्हते, ते लावले नाही. इंजिन चढवले, सुरू केले, चालले. आवाज चांगला आहे. मला त्याचा आनंद झाला नाही.

सबब हा ट्रक रेवजी वसावे यास द्यावा. कागद संपलेले आहेत. पासिंग करून देण्याची जबाबदारी प्रतिभाची. ही मेहेरबानी नाही आणि भरपाईही नाही. भरपाई होत नाही, एवढे मला कळते.

६. माझ्या मरणानंतर जगदीशने कलम पाच खांडबाऱ्याच्या ट्रक अड्ड्यावर, बाजाराच्या दिवशी, उभे राहून मोठ्याने वाचावे, असे मी आधी लिहिले होते. ते कलम रद्द. त्याचे कारण असे. प्रतिभाने हा मसुदा रेवजीला नेऊन वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी तो बसने कोरीटला आला. घरात आला नाही, पाणी घेतले नाही, ट्रककडे पाहिले नाही. फाटकाबाहेरूनच बोलला, "तू मरशी, मंग तुन्हा पोऱ्या वाची. तवलग मी जित्ता राहसू का? जे बोलनं शे ते जित्ता शे तवलग बोल." पूर्वी तो मला भाऊ म्हणायचा. या खेपेला म्हणाला नाही.

मेल्यावर खरे बोलायची सोय मी करून ठेवली होती, आणि तिलाच हिंमत समजत होतो.

७. म्हणून हा कागद सही न करता खांडबाऱ्यास आणला आणि आज बाजारात, त्याच ट्रक अड्ड्यावर, कलम पाच मी माझ्या तोंडाने वाचले. पुढचा मजकूर तिथेच चहाच्या टपरीच्या बाकावर बसून लिहीत आहे. जुन्या ड्रायव्हरांपैकी दोघेच हयात निघाले. बाकी गर्दी तरण्या पोरांची होती. त्यांना रेवजी कोण ते ठाऊक नव्हते, काहींनी मोबाईल वर धरले होते. प्रतिभाने दंडाला धरले होते. वाचून संपल्यावर गर्दीच्या मागून रेवजीचा आवाज आला, "जोरमा वाच. मांगे ऐकू नही ई ऱ्हायनं."

मी कलम पाच पुन्हा पहिल्यापासून वाचले. थोबाडीत मारल्याचे वाक्य आले तेव्हा तो पुढे येऊन माझ्यासमोर उभा राहिला आणि शेवटपर्यंत तिथेच उभा होता. मी ट्रकची किल्ली पुढे केली. त्याने ती घेतली नाही. तो बाजाराच्या गर्दीतून घराकडे निघून गेला.

ट्रक त्याच्याच नावे राहील. त्याने कधीच नेला नाही तरी तो कोणी विकू नये, भंगारात घालू नये.

वरील मजकूर माझा आहे. दोन्ही साक्षीदारांनी कलम पाच दोन्ही वेळा ऐकले आणि माझ्यासमोर सह्या केल्या.

सही: सुपडू नथ्थू मिस्तरी

साक्षीदार:
१. हेमकांत दगडू सोनवणे, निवृत्त शिक्षक, कोरीट (सही)
२. मोतीबाई जालमसिंग वळवी, चहाची टपरी, ट्रक अड्डा, खांडबारा (डाव्या अंगठ्याची निशाणी)

स्थळ: ट्रक अड्डा, खांडबारा, तालुका नवापूर
दिनांक: १८ डिसेंबर २०२५